दाता आणि पाहुणा

सत्कार्यासाठी धावणे ही गोष्ट आता कोणाला नवलाची वाटत नाही. लंडनमध्ये १९८१ पासून भरणाऱ्या मॅरेथॉनने या प्रथेला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि तिच्या मागोमाग ही प्रथा आपल्याही घराघरांत पोहोचली. धावणारा आपल्या नातलगांपुढे, सहकाऱ्यांपुढे, धर्मग्रामातील ओळखीच्या माणसांपुढे हात पसरतो. एखाद्या अनाथाश्रमासाठी, शाळेसाठी, रुग्णालयासाठी देणग्या मागतो आणि लोकांनी टाकलेल्या विश्वासाच्या बदल्यात ठरलेले अंतर धावून दाखवतो. यात कोणाचे काही बिघडत नाही. धावणाऱ्याचे शरीर सुधारते, देणाऱ्याला देण्याचे निमित्त मिळते आणि संस्थेच्या पेटीत चार पैसे पडतात.

खरा प्रश्न पुढच्या पायरीवर उभा राहतो. ज्या दूरच्या गरिबांसाठी निधी जमवला, त्यांच्याच शहरात जाऊन धावावे, अशी ओढ आता अनेकांना लागली आहे. उदाहरणादाखल आम्ही इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा घेतो. तिथे दरवर्षी, बहुतेक वेळा नोव्हेंबरमधल्या एका रविवारी, ‘ग्रेट इथिओपियन रन’ नावाची दहा किलोमीटरची शर्यत भरते. अलीकडच्या वर्षांत चाळीस हजारांहून अधिक माणसे तिच्यात उतरली आहेत. त्यांत परदेशी पाहुणेही असतात, आणि त्यांपैकी काही जण आपापल्या देशात देणग्या गोळा करून आलेले असतात. मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान जाते. तेव्हा आपल्या एखाद्या युवक मंडळाने उद्या असा बेत आखला, तर धर्मग्रामाच्या बैठकीत कोणी तरी ज्येष्ठ उठून विचारणारच, “अरे बाळांनो, त्यापेक्षा तिकिटाचेच पैसे का नाही पाठवून देत?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विचारणाऱ्याला जुन्या वळणाचा म्हणून बाजूला बसवणेही योग्य नव्हे. त्याच्या प्रश्नात साधे अंकगणित आहे आणि अंकगणिताला उत्तर द्यावेच लागते. समजा, चार तरुण निघाले. विमान, मुक्काम, व्हिसा, जेवणखाण मिळून प्रत्येकाला सव्वा लाख रुपये लागले, म्हणजे एकूण पाच लाख झाले. देणग्या जमल्या तीन लाख. म्हणजे तीन लाख पोहोचवण्यासाठी पाच लाख खर्ची पडले. कोणत्याही गृहिणीला हा व्यवहार दाखवा. ती क्षणभरही विचार न करता मान हलवील.

हाच विचार तत्त्वज्ञानाच्या भाषेत पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन विचारवंताने मांडला. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते, माणसे उपासमारीने मरत होती. त्या वेळी लिहिलेला त्याचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: डबक्यात बुडणारे मूल समोर दिसले, तर कपडे चिखलाने खराब होतील म्हणून कोणी थांबत नाही. मग ते मूल हजारो मैल दूर असले, तर कर्तव्य कमी कसे होते? अंतर हे नीतीच्या दृष्टीने कारण ठरू शकत नाही. या विचाराने पाहिले, तर विमानाचे तिकीट म्हणजे आपण जपलेले कोरडे कपडे. मूल वाचवण्याऐवजी आपण मुलाचे डबके पाहायला निघालो.

या युक्तिवादाची धार बोथट करण्याचा आमचा हेतू नाही. पण त्याचा वार नेमका कुठे बसतो, हे नीट पाहिले पाहिजे. आपल्या समाजात एखाद्या लग्नाच्या मांडवात, बँडबाज्यात आणि जेवणावळीत पाच लाख सहज उडतात. त्या वेळी बैठकीत उठून कोणी विचारत नाही. कोणी कुटुंबासह थंड हवेच्या ठिकाणी आठ दिवस राहून आले, तरी त्याला हिशेब मागत नाहीत. मग धावणाऱ्यालाच का? कारण त्याने आपल्या प्रवासाला गरिबाचे नाव दिले आहे. स्वतःच्या कष्टाच्या पैशांनी जग पाहण्यात पाप नाही. मात्र त्या पाहण्याला सेवेचा मुलामा दिला, की हिशेब मागण्याचा हक्क सगळ्यांना मिळतो.

म्हणून पहिला नियम असा दिसतो: दोन खिसे वेगळे ठेवावेत. प्रवासाचा पैसा धावणाऱ्याचा स्वतःचा, देणगीतला एक रुपयाही त्याला लागता कामा नये. आणि हे मनातल्या मनात ठरवून भागणार नाही. देणगी मागतानाच सांगितले पाहिजे: मी माझ्या खर्चाने जातो आहे, कारण मला जायचे आहे, तुमचे पैसे तिथल्या शाळेला जाणार आहेत. असे स्पष्ट बोलणाऱ्याला ज्येष्ठांचा प्रश्न झोंबत नाही. ज्याचा आवाज या वाक्यावर अडखळतो, त्याने देणगीची वही काही दिवस बंद ठेवलेली बरी.

बैठकीतल्या ज्येष्ठांना एवढे उत्तर पुरेल. पण आम्हाला ते पुरत नाही, कारण अंकगणिताने एक गोष्ट गृहीतच धरली आहे. ती अशी, की देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाण्याजोगी वस्तू एकच, आणि ती म्हणजे पैसा. पैसा पोहोचला की काम झाले. मग माणसाने जाण्याची गरज ती काय?

याबाबतीत संत पौलाने जमवलेल्या वर्गणीचा इतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. जेरुसलेममधील गरीब बांधवांसाठी त्याने मासेदोनिया, अखया अशा दूरच्या प्रांतांतील मंडळ्यांकडून निधी गोळा केला. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, अशी त्याची पद्धत होती. एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये, म्हणून त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली. दोन खिशांचा नियम त्यालाही ठाऊक होता. तो स्वतःचे पोट तंबूच्या कामावर भरीत असे. या वर्गणीविषयी रोमकरांना लिहिताना त्याने तिला उपकार म्हटले नाही. परराष्ट्रीयांना जेरुसलेमकडून आध्यात्मिक ठेवा मिळाला आहे, तेव्हा ते त्या बांधवांचे ऋणी आहेत, असा त्याचा हिशेब होता. आणि तो स्वतः ते पैसे घेऊन गेला. जेरुसलेमात धोका आहे, जाऊ नकोस, असे वाटेत लोकांनी विनवले तरी गेला. पैसे तर त्याच्या सोबत्यांच्या हातीही पोहोचले असते. मग दुरावलेल्या माणसांनी एकमेकांची तोंडे पाहावीत, यासाठीच ना ही सारी यातायात?

तेव्हा जाण्याला अर्थ असू शकतो. पण इथे दुसरा आक्षेप पुढे येतो आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. तो खर्चाबद्दल नसून जाणाऱ्याच्या ऐटीबद्दल आहे. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील क्वेर्नावाका इथे, खेड्यांत सेवा करण्यासाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे इव्हान इलिच याने एक भाषण केले. तो त्या वेळी कॅथलिक धर्मगुरू होता. त्याने त्या मुलांच्या सदिच्छेवरच बोट ठेवले. तुम्हाला इथली भाषा येत नाही, इथल्या माणसांना तुम्ही ओळखत नाही, आणि तरी त्यांना काय हवे हे तुम्हीच ठरवून आला आहात, असा त्याचा रोख होता. पाहायला या, डोंगर चढा, शिका. मदत करायला मात्र येऊ नका, असे त्याने त्यांना स्पष्ट बजावले.

हे बोल कठोर आहेत. पण ज्या देशाची गोष्ट आपण करीत आहोत, त्या इथिओपियाच्या आणि आपल्या किनारपट्टीच्या इतिहासातच त्यांची साक्ष सापडते. सोळाव्या-सतराव्या शतकांत इथिओपियातील जेझुइट मिशन गोव्याहून चालत असे. पेद्रो पाएस हा स्पॅनिश जेझुइट १५८९ मध्ये गोव्याहून तिकडे निघाला. वाटेत पकडला गेला, येमेनमध्ये सुमारे सात वर्षे कैदेत राहिला, सुटून गोव्याला परतला आणि पुन्हा निघून १६०३ साली इथिओपियात पोहोचला. तिथे त्याने अम्हारिक शिकली, धर्मग्रंथांची गेझ भाषा शिकली, लोकांच्या चालीरीती समजून घेतल्या. १६१८ मध्ये तो राजाबरोबर निळ्या नाईलच्या उगमापर्यंत गेला. १६२२ मध्ये तो वारला, तेव्हा राजा सुसेन्योस त्याच्या स्नेहामुळे कॅथलिक मताकडे वळलेला होता.

त्याच्यामागून १६२५ मध्ये आफोन्सो मेंदेस हा कुलगुरू आला. त्याच्याही श्रद्धेविषयी आणि तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण तो सुधारायला आला होता. हजार वर्षांहून जुन्या ख्रिस्ती परंपरेच्या लोकांना त्याने पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावला, त्यांची उपासना, त्यांचे उपवास, त्यांचे पंचांग बदलायला लावले. देशात बंडे उसळली, रक्त सांडले. १६३२ मध्ये सुसेन्योसने जुना धर्म परत दिला आणि मुलाच्या हाती राज्य सोपवले. पुढे जेझुइटांना देशाबाहेर काढण्यात आले आणि मेंदेस गोव्याला परतला. दोघेही एकाच वाटेने गेले, एकाच धर्मासाठी गेले. एक पाहुणा म्हणून राहिला, दुसरा दाता म्हणून उतरला. त्या एका फरकाची किंमत एका अख्ख्या देशाला मोजावी लागली.

आजचा धावणारा कोणाचा धर्म बदलायला जात नाही, हे खरे. तरी त्याच्या सामानात एक अदृश्य गाठोडे असतेच. इथिओपिया म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे हाडांचे सापळे उभे राहतात. १९८३ ते १९८५ या काळातल्या दुष्काळात आणि युद्धात तिथे लाखो माणसे मेली. १९८४ च्या ऑक्टोबरात ती दृश्ये दूरचित्रवाणीवरून जगाने पाहिली. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया इथे मदतीसाठी मोठे संगीताचे जलसे झाले. पुढच्या वर्षी, २५ मे १९८६ रोजी, आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी एकाच दिवशी अनेक देशांत लक्षावधी लोक धावले. ओमर खलिफा नावाच्या सुदानी धावपटूने त्याआधी सुदानमधील निर्वासितांच्या छावणीतून ज्योत घेऊन न्यूयॉर्क गाठले होते. ती धाव खोटी नव्हती. तिच्या पैशांनी अन्न आणि औषधे गेली. पण त्या धावण्यात एक वाटणी नकळत पक्की झाली: धावणारे जगभर पसरलेले आणि आफ्रिकेच्या वाट्याला फक्त भूक.

वास्तविक धावणे हेच त्या देशाचे वैभव. १० सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिम्पिकमध्ये अबेबे बिकिला हा राजाच्या रक्षक दलातील सैनिक मॅरेथॉन अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत पहिला आला. ज्या इटलीने १९३६ ते १९४१ त्याचा देश ताब्यात ठेवला, तिच्याच राजधानीत ही धाव झाली. तिच्या मार्गावर अक्सुमचा तो प्राचीन स्तंभ उभा होता, जो इटलीने १९३७ मध्ये उचलून नेला होता. तो परत जायला पुढे २००५ साल उजाडावे लागले. चार वर्षांनी टोकियोत बिकिलाने पुन्हा मॅरेथॉन जिंकली. १९९२ मध्ये बार्सिलोनात देरार्तू तुलू हिने दहा हजार मीटरचे सुवर्णपदक मिळवले. लहानपणी शाळेला धावत जाणारा हैले गेब्रसेलासी १९९६ आणि २००० अशा दोन ऑलिम्पिकांत त्याच अंतराचा विजेता ठरला.

आज ज्या शर्यतीला परदेशी पाहुणे जातात, ती याच हैलेने उभी केलेली. २५ नोव्हेंबर २००१ रोजी ती पहिल्यांदा भरली, दहा हजार लोक धावले आणि पुरुषांत तो स्वतःच पहिला आला. तिच्या व्यवस्थेची धुरा आरंभीच्या काळात रिचर्ड नेरुरकर या ब्रिटिश धावपटूने सांभाळली. १९९६ च्या ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये तो पाचवा आला होता. त्याचे आडनाव वाचताच आपल्या वाचकांना कुडाळजवळचे नेरूर आठवेल. तर सांगायचे ते असे की, ही शर्यत बाहेरच्या मदतकर्त्यांनी दुःखी आफ्रिकेसाठी काढलेली नाही. हा त्या शहराचा स्वतःचा उत्सव आहे. हजारो माणसे एकाच रंगाचे सदरे घालून निघतात, कोणी धावतात, कोणी गात-नाचत चालतात. या शर्यतीच्या निमित्ताने तिथल्या गरजूंसाठी निधी जमतो, आणि तो तिथले लोकही देतात. मेस्केल चौक हे या शर्यतीचे जुने ठिकाण. मेस्केल म्हणजे क्रूस. ज्यांना आपण मदत करायला निघालो, ते आधीपासूनच एकमेकांना मदत करीत आहेत.

आणि त्या शहरात धावायला उतरलेल्या पाहुण्याची काय अवस्था होते? १८८६ मध्ये वसलेले अदिस अबाबा, म्हणजे ‘नवे फूल’, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. वसईच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर सराव केलेल्या तरुणाला कळसूबाईपेक्षाही सातशे मीटर वर जाऊन धावायचे आहे. हवा विरळ, पहिल्याच चढावर श्वास तोकडा पडतो. बाजूने तिथलीच लहान मुले गप्पा मारीत पुढे निघून जातात. आमच्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा क्षण हाच. जो द्यायला आला होता, तो इथे मागे पडलेला आहे, आणि त्याला हात देऊन चढावर ओढणारा माणूस कदाचित त्याच्या यादीतला ‘लाभार्थी’ असेल.

इथून आपल्या घराकडे वळून पाहिले, तर हिशेबाच्या वहीत आणखी काही नोंदी सापडतात. इथिओपियात सुमारे १५४८ मध्ये जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि हस्ते-परहस्ते दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा तो पुढे कारभारी झाला. मलिक अंबर हे त्याचे नाव महाराष्ट्रातले शाळकरी मूलही जाणते. १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसवले, जे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. त्या नगराला त्याने नहर-ए-अंबरीचे पाणी दिले, जमिनीच्या महसुलाला शिस्त लावली, मोगलांच्या फौजांना डोंगराळ मुलखात जेरीस आणले. त्या भूमीने आपल्याला एक माणूस दिला, तोही स्वेच्छेने नव्हे, गुलामांच्या बाजारातून. संत पौलाच्या हिशेबाने पाहू गेले, तर इथिओपियाला पाठवलेली देणगी ही आपल्याकडून जुन्या ऋणाची उशिरा झालेली छोटी परतफेड ठरेल.

आजचीही नोंद आहे. मुंबई मॅरेथॉन २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे हैले लेमी या इथिओपियन धावपटूने जिंकली. तो इथे आला, तेव्हा आपण त्याला कोणत्या नजरेने पाहिले? विजेत्याच्या. मग आपला तरुण तिकडे जातो, तेव्हा त्याच हैलेच्या देशबांधवांकडे केवळ गरजू म्हणून का पाहावे?

कोणी म्हणेल, हे बोलायला छान आहे, पण गरज तर खरीच आहे ना? आहे. २०२० च्या नोव्हेंबरपासून दोन वर्षे टिग्राय प्रांतात भीषण युद्ध झाले, घरे उजाड झाली, पुन्हा उपासमार आली. भुकेल्यापुढे ऋण आणि मानाची भाषा करीत बसू नये. त्याला आधी भाकरी पाठवावी. सिंगरचे म्हणणे इथे शब्दशः खरे आहे आणि त्यासाठी कोणी विमानात बसण्याची गरज नाही. ही मदत शर्यतीला बांधलेली असताच कामा नये. यातूनच दुसरी कसोटी निघते: शर्यत रद्द झाली, तर देणगी जाईल का? २०२० च्या महामारीत जगभर शर्यती रद्द झाल्या होत्या, तेव्हा अनेकांना हा प्रश्न प्रत्यक्ष पडला असेल. ज्याची देणगी शर्यतीवाचूनही गेली, त्याच्या दानाला आधार होता. याच कसोटीची दुसरी बाजू अशी: उद्या कळले की देणगीची गरज उरलेली नाही, शाळेला पुरेसे पैसे मिळाले आहेत, तरीही त्या माणसांना भेटायला आपण जाऊ का? ज्याचे उत्तर ‘हो’ असेल, त्याने खुशाल जावे. तो मैत्रीसाठी जातो आहे.

मैत्रीसाठी जाणाऱ्याला एक गोष्ट मात्र शिकावी लागेल आणि ती धावण्यापेक्षा कठीण आहे. ती म्हणजे घेणे. इथिओपियात पाहुण्याला कॉफी देण्याचा विधी असतो. यजमानीण त्याच्यासमोर हिरवे दाणे भाजते, कुटते, उकळते आणि तीन वेळा पेले भरते. अबोल, तोना आणि बरका अशी त्या तीन फेऱ्यांची नावे. तिसऱ्या फेरीपर्यंत बसायचे असते. घाईच्या कामाने आलेल्या दात्याला एवढा वेळ नसतो. त्याला तीन संस्थांना भेटी द्यायच्या असतात, छायाचित्रे काढायची असतात. तिथली आणखी एक रीत म्हणजे गुर्शा. एकाच ताटात जेवताना यजमान इंजेराचा घास करून स्वतःच्या हाताने पाहुण्याच्या तोंडात भरवतो. आपल्याकडे आई मुलाला घास भरवते, नवरा-नवरी लग्नात एकमेकांना भरवतात, तेच हे. ज्या घरी आपण द्यायला गेलो, त्या घरच्या माणसाच्या हातून घास घेण्यासाठी तोंड उघडायचे, हे अनेक दानशूरांना जमत नाही. खिशाला हात घालणे सोपे जाते, कारण तेव्हा आपण वर असतो.

तेव्हा बैठकीत उठलेल्या ज्येष्ठांना आम्ही असे उत्तर देऊ: बाबा, तुमचा हिशेब बरोबर आहे. पैसे पाठवायचे ते बँकेतून पाठवू आणि पावती इथे सर्वांसमोर ठेवू. त्या पैशांत आमच्या प्रवासाचा पैसा मिसळणार नाही. आमच्यापैकी जो जाईल तो पाहुणा म्हणून जाईल. निघण्यापूर्वी अम्हारिकचे चार शब्द शिकेल. परक्या मुलांना कडेवर घेऊन काढलेली छायाचित्रे आणून मांडणार नाही, कारण आपल्या लेकरांची अशी छायाचित्रे कोणी परदेशात नेऊन दाखवली तर आपल्याला रुचणार नाहीत. परत आल्यावर आपण काय दिले हे न सांगता, कोणी काय शिकवले हे सांगेल. आणि ज्याला जाणे परवडत नाही, त्याने आपल्याच गावातल्या, दूरच्या मुलखातून आलेल्या मजुराच्या झोपडीपर्यंत चालत जावे. परक्याच्या दारी पाहुणा होण्याची पहिली शिकवणी तिथेही मिळते.

प्रेषितांच्या कृत्यांत एका धावण्याची नोंद आहे. जेरुसलेमहून गाझाकडे जाणाऱ्या वाटेवर फिलिप एका रथाकडे धावत गेला. रथात इथिओपियाच्या राणीचा अधिकारी होता. त्या काळी हे नाव आजच्या सुदानमधील कुश राज्याला होते, पण आफ्रिकेतील ख्रिस्ती लोक पिढ्यान्पिढ्या त्या माणसाला आपला पूर्वज मानत आले आहेत. तो राणीचा खजिनदार होता, साऱ्या खजिन्याच्या किल्ल्या त्याच्या हाती. धावत गेलेल्या फिलिपजवळ देण्यासारखा पैसा नव्हता. त्याने आधी विचारपूस केली. आणि खजिनदाराने त्याला वर बोलावून आपल्या शेजारी बसवून घेतले. पुढचा प्रवास दोघांनी एकाच रथात केला. काम झाल्यावर फिलिप दिसेनासा झाला. त्या अधिकाऱ्याने त्याचा शोध घेतला, त्याचे आभार मानले, असे काही लिहिलेले नाही. तो आनंदाने आपल्या वाटेने पुढे गेला, एवढेच लिहिले आहे.